बाथचे क्रमांक १, रॉयल क्रेसेंट: जॉर्जियन शहरी हवेलीच्या वास्तुरचनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधील बाथ शहरात जाऊन आलेले, जाणार असलेले आणि वास्तुशास्त्र शिकणारे अनेक मराठी वाचक रॉयल क्रेसेंट या चंद्रकोरीच्या आकारात वळलेल्या तीस घरांच्या ओळीतल्या या एका घराबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांचे प्रश्न येथे साध्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने लावले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘जॉर्जियन’ म्हणजे नेमका कोणता काळ? जॉर्जिया देशाशी त्याचा काही संबंध आहे का?

जॉर्जिया देशाशी काहीही संबंध नाही. १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर जॉर्ज नावाचे चार राजे एकापाठोपाठ आले आणि त्यांच्या कारकिर्दीतल्या इमारतींना जॉर्जियन म्हणण्याची रीत पडली. या काळातली सगळी घरे एकाच शैलीची आहेत असे मात्र समजू नये. सुरुवातीच्या दशकांवर सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुविशारद आंद्रेआ पल्लाडिओ याचा मोठा प्रभाव आहे. पुढे रॉबर्ट ॲडमसारख्या वास्तुविशारदांनी प्राचीन रोमन घरांतले नाजूक नक्षीकाम खोल्यांच्या आत आणले. सममिती, मोजून-मापून ठरवलेली प्रमाणे आणि भडक सजावटीचा अभाव या तीन गोष्टी मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकून राहिल्या.

२. हे घर तर ओळीतल्या इतर घरांना चिकटलेले आहे. मग त्याला हवेली कसे म्हणायचे?

आपल्याकडे हवेली म्हटली की चारी बाजूंनी मोकळी, स्वतःच्या आवारातली वास्तू डोळ्यांसमोर येते, त्यामुळे ही शंका रास्त आहे. अठराव्या शतकातल्या श्रीमंत इंग्रजाची तशी मोकळी हवेली बहुधा खेड्यातल्या त्याच्या जमिनीवर असे आणि शहरात तो हंगामापुरता राही. बाथमध्ये हा हंगाम गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती, नाचगाण्याच्या मैफलींभोवती आणि ओळखीपाळखी वाढवण्याभोवती फिरत असे. शहरातली जागा महाग आणि मुक्काम काही महिन्यांचा, म्हणून शेजारच्या घराशी भिंत वाटून घेणारे, अरुंद पण उंच घर सोयीचे ठरले.

क्रमांक १ हे रॉयल क्रेसेंटच्या पूर्व टोकाचे घर आहे. मधल्या घरांना उजेड फक्त पुढून आणि मागून मिळतो. या टोकाच्या घराला तिसरी बाजूही मोकळी मिळाली आहे. शिवाय नोकरांच्या कामासाठी त्याला लागूनच वेगळा भाग बांधलेला होता. त्याचा ऐसपैसपणा पाहता शहरी हवेली हा शब्द त्याला शोभतो.

३. हे घर कोणी आणि केव्हा बांधले?

धाकटा जॉन वुड हा त्याचा वास्तुविशारद. १९ मे १७६७ रोजी क्रमांक १ ची पायाभरणी झाली आणि १७७४ च्या सुमारास तीस घरांची सगळी चंद्रकोर उभी राहिली. वास्तुविशारदाचे वडीलही जॉन वुडच, त्यामुळे दोघांची गल्लत फार होते. थोरल्या वुडने बाथमध्ये १७२८ पासून क्वीन स्क्वेअर उभारला आणि १७५४ मध्ये, आपल्या मृत्यूच्या वर्षीच, ‘सर्कस’ नावाच्या वर्तुळाकार घरांचे काम सुरू केले. ते मुलाने पूर्ण केले. सर्कसमधून ब्रॉक स्ट्रीटने सरळ चालत आलात की शेवटी ही चंद्रकोर अचानक उघडते. वर्तुळाने चहूबाजूंनी वेढून टाकायचे, मग साध्या रस्त्याने डोळ्यांना विसावा द्यायचा आणि शेवटी एकदम मोकळे आकाश दाखवायचे, असा हा क्रम आहे. शक्य असल्यास तो पायीच अनुभवावा.

सुरुवातीला तिचे नाव नुसते ‘द क्रेसेंट’ होते. तिसऱ्या जॉर्जचा मुलगा प्रिन्स फ्रेडरिक, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्क, इथे राहून गेल्यानंतर त्याला ‘रॉयल’ हा शब्द जोडला गेला. क्रमांक १ मध्ये पहिला राहायला आला तो हेन्री सँडफर्ड हा आयर्लंडचा गृहस्थ.

४. तीस घरे अगदी एकसारखी कशी बांधली? सगळी एकाच मालकाची होती का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात या वास्तूचे मर्म आहे. वुडने समोरची बाजू आखली आणि तिचे नियम ठरवले. घेणाऱ्याने त्या दर्शनी बाजूची ठरावीक लांबी घ्यायची, ती आराखड्याबरहुकूम बांधायची आणि तिच्या मागे आपले घर आपल्या गवंड्याकडून, आपल्या गरजेप्रमाणे बांधून घ्यायचे, असा तो व्यवहार होता. पुढची बाजू सर्वांची मिळून आणि मागची ज्याची त्याची. पूर्ण राजवाडा बांधण्याइतका पैसा कोणा एकाकडे नव्हता. तीस जणांच्या पैशांतून राजवाड्याएवढी एक वास्तू मात्र उभी राहिली.

याचा पुरावा पाहायचा असेल तर क्रेसेंटच्या मागच्या बाजूला जावे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पुढच्या हिरवळीवर तासभर घालवला आणि मागे दहा मिनिटेच उभा राहिलो. आता उलट करतो. मागे छपरांची उंची जुळत नाही, एका घराची भिंत पुढे आलेली असते तर शेजारची आत गेलेली, खिडक्या जिथे जिना असेल तिथे आणि जिथे खोली असेल तिथे बसवलेल्या दिसतात. पुढे गुळगुळीत घडीव दगड आहे, मागे मात्र हाताला खडबडीत लागणारा अनघड दगड चुन्यात बसवलेला आहे. काही जण याला दिखाऊपणा म्हणतात. मला ते पटत नाही, कारण रस्ता सर्वांचा असतो आणि रस्त्याला काय द्यायचे याचा करार करूनच हे लोक आपापल्या घरात स्वतंत्र राहिले.

५. त्या खांबांवर घराचा भार आहे का? किती खांब आहेत?

क्रेसेंटच्या दर्शनी बाजूवर ११४ खांब आहेत. ते आयोनिक पद्धतीचे, म्हणजे माथ्यावर दोन्हीकडे गोल वळलेली वेटोळी असलेले आहेत. खांब सुटे उभे नसून भिंतीतून अर्धवट बाहेर आलेले आहेत आणि घराचा मुख्य भार भिंतीच घेतात.

मग ते कशासाठी? तळमजला अगदी साधा ठेवला आहे, जणू ते एक उंच जोतेच आहे, आणि त्यावर उभे राहिलेले खांब पहिला व दुसरा असे दोन मजले एका झेपेत ओलांडतात. त्यामुळे डोळ्याला तीस घरे सुटी दिसत नाहीत, एकच ताल दिसतो. सर्कसमध्ये थोरल्या वुडने प्रत्येक मजल्याला वेगळ्या जातीचे खांब दिले होते: खाली डोरिक, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन. मुलाने हे सगळे गाळून एकच मोठा खांब ठेवला. चंद्रकोरीच्या मध्यावरच्या घराला जोडखांब देऊन मध्य दाखवला आहे. त्याखेरीज लक्ष वेधणारे त्रिकोणी शिखर वगैरे काही नाही. इतका संयम इतक्या लांबीवर निभावणे फार थोड्यांना जमले आहे.

६. हा सोनेरी दगड कोणता? काही ठिकाणी तो काळा का दिसतो?

तो बाथचाच चुनखडक आहे. अगदी जवळून, नाक लावून पाहिलात तर त्यात मोहरीहून बारीक गोल दाणे दिसतात, जणू माशांची गाभोळी दगड होऊन बसली आहे. सुमारे सतरा कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, कोमट समुद्रात शंख-शिंपल्यांच्या कणांवर चुन्याचे थर चढत हे दाणे बनले. खाणीतून काढल्यावर हा दगड ओला आणि मऊ असतो, करवतीने कापता येतो आणि हवेत राहून वरून टणक होतो. शहराजवळच्या कोम डाउनच्या खाणी राल्फ ॲलन या उद्योजकाकडे होत्या. डोंगरावरून नदीपर्यंत दगड उतरवण्यासाठी त्याने १७३० च्या सुमारास उतारावरून आपोआप खाली येणाऱ्या गाड्यांचा लाकडी रूळमार्ग घातला होता. दगड स्वस्तात हाताशी आला, म्हणून सगळे शहर एका रंगाचे झाले.

काळेपणा आला तो कोळशाच्या धुरातून. धुरातले गंधक आणि दगडातला चुना यांच्या संयोगाने जिप्समचा कवच-थर तयार होतो आणि त्यात काजळी अडकते. पावसाने सतत धुतला जाणारा भाग उजळ राहतो, कंगोऱ्याखालचा आडोशाचा भाग काळा पडतो. म्हणूनच जुन्या छायाचित्रांत इमारतीची सावली आणि काजळी वेगळी ओळखता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक दर्शनी बाजू स्वच्छ करण्यात आल्या.

या दगडाला थर असतात आणि तो खाणीत जसा आडवा होता तसाच भिंतीत आडवा बसवावा लागतो. उभा बसवला तर वहीची पाने सुटावीत तसे त्याचे पापुद्रे सुटतात.

७. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या लहान होत जातात, हे पैसे वाचवण्यासाठी का?

काही अंशी पैशासाठी, पण मुख्यतः मानासाठी आणि प्रमाणासाठी. पाहुण्यांचे आगतस्वागत पहिल्या मजल्यावर होई, म्हणून तिथली छते उंच आणि खिडक्या सर्वांत उंच. दुसऱ्या मजल्यावर घरच्यांची शयनगृहे असत, तिथे खिडक्या बसक्या होतात, आणि पोटमाळ्यावर नोकर झोपत, तिथे छपरातून डोकावणारी लहान खिडकी पुरे होई. खिडकीची उंची बघून आत कोण राहत असेल हे रस्त्यावरून सांगता येते. त्या समाजाची उतरंड इतक्या उघडपणे दगडात कोरलेली पाहून अस्वस्थ व्हायला होते, हेही नमूद केले पाहिजे.

८. क्रमांक १ च्या आत खोल्यांची मांडणी कशी आहे?

आज हे घर संग्रहालय आहे आणि खोल्या अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांप्रमाणे लावलेल्या आहेत. तळमजल्यावर सकाळची न्याहारी घेण्याची बैठकीची खोली, जेवणघर आणि घरमालकाची पुस्तके व उपकरणे असलेली अभ्यासिका आहे. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना आणि घरमालकिणीचे शयनगृह आहे. शयनगृह पहिल्या मजल्यावर पाहून अनेकांना नवल वाटते, परंतु त्या काळी खास मैत्रिणींना शृंगार चालू असताना तिथेच भेटण्याची पद्धत होती. घरमालकाचे शयनगृह त्याच्या वरच्या मजल्यावर आहे. घरकामावर देखरेख करणाऱ्या बाईंची खोली, नोकरांची जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर हे सगळे खाली, रस्त्याच्या पातळीच्याही खाली आहे.

जिन्यांकडे लक्ष द्यावे. अशा घरात मालकांचा आणि नोकरांचा जिना वेगळा असे. मुख्य जिना रुंद, उजेडाचा. नोकरांचा अरुंद, अंधारा आणि चढणीचा, ज्यावरून कोळशाच्या बादल्या, गरम पाणी आणि मलपात्रे दिवसातून कितीतरी वेळा वर-खाली होत.

९. दगडी जिना खालून आधार नसताना कसा उभा राहतो?

या काळातल्या मोठ्या घरांत असे जिने सर्रास आढळतात. प्रत्येक पायरीचे एक टोक भिंतीत काही इंच रोवलेले असते आणि दुसरे टोक हवेत दिसते. पायरी केवळ भिंतीच्या पकडीवर लटकलेली असते असा समज आहे, तो बरोबर नाही. वरच्या पायरीची खालची कड खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर टेकते, तिचा भार त्या पायरीवर, तिचा पुढच्या पायरीवर, असा उतरत उतरत जमिनीपर्यंत जातो. भिंतीचे काम मुख्यतः पायरीला पिळवटू न देण्याचे. म्हणून अशा जिन्याची मधली एक पायरी काढणे किंवा तडा गेल्यावर तशीच ठेवणे धोक्याचे असते.

१०. वर-खाली सरकणारी खिडकी कोणत्या युक्तीने हवी तिथे थांबते?

चौकटीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पोकळ पेटी असते आणि तिच्यात वजने लपवलेली असतात. सरकत्या पाल्याला बांधलेली दोरी वरच्या कप्पीवरून जाऊन पेटीतल्या वजनाला जोडलेली असते. पाल्याचे आणि वजनांचे ओझे समसमान, म्हणून एका बोटाने पाला उचलता येतो आणि सोडला तिथे तो थांबतो; आपल्या विहिरीवरचा रहाट आठवला की कळते. दोरी तुटली तर वजन पेटीत ‘धप्’ असा आवाज करून पडते. पेटीच्या आतल्या बाजूला त्यासाठी एक छोटी फळी काढता येण्यासारखी ठेवलेली असते, तिच्यातून हात घालून वजन बाहेर काढतात आणि नवी दोरी ओवतात.

काचा लहान का, असेही विचारतात. तेव्हा काचेचा तापलेला गोळा फुंकून आणि गरगर फिरवून त्याची थाळी करत आणि तिच्यातून लहान तुकडे कापत, त्यामुळे मोठे तावदान मिळणे अवघड होते. अशा काचेत किंचित लाट असते आणि तिच्यातून समोरचे झाड हलल्यासारखे दिसते. काचेवर वजनाप्रमाणे १७४६ ते १८४५ या काळात करही होता.

११. बुजवलेल्या खिडक्या म्हणजे खिडकी-कर चुकवण्याची युक्ती, हे खरे आहे का?

कधी खरे, बऱ्याचदा नाही. घराला किती खिडक्या आहेत यावर इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत कर होता आणि तो टाळण्यासाठी काहींनी खिडक्या चिणून टाकल्या, यात शंका नाही. परंतु आत धुराड्याची भिंत किंवा शेजारच्या घराशी वाटून घेतलेली भिंत असूनही बाहेरून सममिती हवी असेल, तेव्हा पहिल्या दिवसापासूनच आंधळी खिडकी बांधत. दगडाची चौकट आणि आतला भरलेला भाग एकाच घडणीचा आणि एकाच वेळचा असेल, तर ती बहुधा आंधळीच बांधली आहे. भरलेला भाग वेगळ्या दगडाचा आणि सांध्यात न जुळणारा असेल, तर ती नंतर बुजवली आहे, मग कारण कर असो वा आतली फेररचना.

१२. लंडनच्या बांधकाम कायद्यांवरून बाथच्या घराचे वय काढता येते का?

नाही, विद्यार्थ्यांच्या निबंधांत ही चूक फार आढळते. लंडनमध्ये आगीच्या भीतीने १७०९ मध्ये खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून चार इंच आत बसवण्याचा नियम आला आणि १७७४ च्या कायद्याने वजनाच्या पेट्या दगड-विटांच्या मागे लपवणे भाग पडले. हे कायदे त्या महानगरापुरते होते. इतर शहरांनी त्यांचे अनुकरण केले ते आवड म्हणून आणि आपापल्या वेळेने. बाथमध्ये घराचे वय ठरवताना भाडेपट्ट्याची कागदपत्रे, दगडावरची हत्याराची खूण आणि खिडकीच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाडी यांवर भर द्यावा. सर्वसाधारणपणे जाड पट्ट्या आधीच्या आणि बारीक पट्ट्या नंतरच्या.

१३. पाणी, शौचालय आणि स्नान यांची सोय काय होती?

आजच्या अर्थाने न्हाणीघर नव्हते. शयनगृहात झाकणाच्या लाकडी खुर्चीत मलपात्र ठेवलेले असे आणि ते रिकामे करण्याचे काम नोकरांचे. अंग पुसण्यासाठी तस्त आणि घागर वर आणून ठेवत. स्नानासाठी बाथचे लोक शहरातल्या गरम झऱ्यांवर जात आणि पुष्कळदा डोलीसारख्या बंद खुर्चीत बसून, दोन भोयांकरवी जात.

१४. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे ते चाक कशाचे?

ते कुत्र्याचे चाक आहे. विस्तवासमोर मांसाचा मोठा तुकडा सळईवर लावून तो तासन्‌तास फिरवत ठेवावा लागे. त्यासाठी आखूड पायांचे, लांब अंगाचे कुत्रे भिंतीवरच्या पोकळ चाकात घालत. ते चालू लागले की चाक फिरे आणि साखळीने सळईही फिरे. वर दिवाणखान्यातला नाजूक गिलावा पाहून खाली आल्यावर हे चाक मन खिन्न करते. ते बघायचे चुकवू नये.

१५. वाड्यात असतो तसा चौक या घरात आहे का?

नाही. वाडा रस्त्याला पाठ करून आतल्या चौकाकडे पाहतो. उजेड, वारा आणि घरातली वर्दळ चौकातून येते-जाते. हे घर रस्त्याकडे तोंड करून बसते. समोर रस्त्यापलीकडे उतरती हिरवळ आहे, तिच्या मधोमध एक खोल चर व भिंत अशी रचना आहे की वरून ती दिसत नाही, त्यामुळे खालच्या कुरणातली जनावरे वर येत नसत आणि नजर मात्र अडत नसे. खालच्या बाजूचे रॉयल व्हिक्टोरिया पार्क १८३० मध्ये खुले झाले. दर्शनी बाजू दक्षिणेकडे आहे, तेव्हा इंग्लंडच्या हिवाळ्यात मिळेल तेवढे ऊन दिवाणखान्यात येते. पुण्याच्या उन्हाला जे टाळायचे, ते इथे मुद्दाम आत बोलवायचे, हा फरक मांडणीच्या मुळाशी आहे.

१६. आज दिसणारे घर मुळातले किती आणि नंतर केलेले किती?

विसाव्या शतकाच्या मध्याला या घरात भाड्याच्या खोल्या होत्या आणि नोकरांचा भाग तोडून त्याचा १ए असा वेगळा पत्ता झाला होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेजर बर्नार्ड केझर यांनी घर विकत घेऊन बाथ प्रिझर्व्हेशन ट्रस्टला दिले आणि डागडुजीसाठी पैसेही दिले. ट्रस्ट १९३४ पासून या शहराच्या जतनासाठी काम करते. वास्तुविशारद फिलिप जेब यांच्या देखरेखीखाली घर दुरुस्त होऊन १९७० मध्ये लोकांसाठी उघडले. पुढे १ए पुन्हा मिळवून २०१३ मध्ये दोन्ही भाग जोडण्यात आले आणि मालकांच्या खोल्यांपासून नोकरांच्या खोल्यांपर्यंत एकसलग फिरता येऊ लागले. हा जोडणीचा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण स्वयंपाकघराशिवाय हवेली दाखवणे म्हणजे अर्धेच घर दाखवणे.

भिंती, दर्शनी दगडकाम आणि मांडणीचा सांगाडा मुळातला आहे. सामान त्या काळचे आहे, परंतु ते मुख्यतः गोळा करून लावलेले आहे. सँडफर्ड कुटुंबाने जसे सोडले तसे ते जपलेले नाही.

१७. क्रमांक १ च्या पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या शेजाऱ्यांपेक्षा आखूड का?

नजर चांगली असलेल्यांनाच हे दिसते. वुडच्या आराखड्यात या खिडक्यांचा तळ वर होता. पुढे लांबलचक खिडक्यांची आवड आली आणि अनेक मालकांनी तळचा दगड कापून खिडकी जवळजवळ जमिनीपर्यंत खाली आणली. लहान तावदाने जाऊन मोठ्या काचाही आल्या. क्रमांक १ च्या दुरुस्तीत खिडकीचा तळ पुन्हा मूळ उंचीला आणला आणि लहान तावदाने बसवली. म्हणजे शेजारच्या लांब खिडक्या नंतरच्या आहेत आणि वेगळे वाटणारे घर मुळाला धरून आहे. खिडकीखालचा कोरा दगडी पट्टा किती मोठा होता आणि खांबांना त्यामुळे कसा आधार मिळाल्यासारखा दिसे, हे फक्त अशा घरासमोर उभे राहून कळते.

१८. मालकाला दरवाजाचा रंग बदलता येतो का?

इथले दरवाजे पांढरे असण्याची रूढी आहे. १९७० च्या दशकात २२ क्रमांकाच्या मालकीणबाईंनी आपला दरवाजा पिवळा रंगवला, नगरपालिकेने तो बदलण्याची नोटीस दिली, प्रकरण सरकारी मंत्र्यापर्यंत गेले आणि निर्णय बाईंच्या बाजूने लागला. याचा अर्थ काहीही चालते असा होत नाही. रॉयल क्रेसेंट प्रथम श्रेणीच्या संरक्षित वास्तूंमध्ये मोडते आणि बाथ शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे आतबाहेर कोणताही महत्त्वाचा बदल करायला आगाऊ परवानगी लागते. करारातून आलेली एकसारखी बाजू (प्रश्न ४ पाहा) आणि माझ्या दारावर माझा हक्क, यांतली ओढाताण त्या पिवळ्या दाराने लोकांपुढे आणली. दोन्ही बाजू मला समजतात, पण मत विचाराल तर दार पांढरेच बरे.

१९. दुसऱ्या महायुद्धात क्रेसेंटला काही झाले होते का?

एप्रिल १९४२ मध्ये बाथवर जर्मन विमानांनी हल्ले केले. आगलाव्या बाँबनी २ आणि १७ क्रमांकाची घरे आतून जळून गेली. ती पुन्हा उभी केली, तेव्हा दर्शनी बाजूवरून हे ओळखू येत नाही. क्रमांक २ हा क्रमांक १ चा भिंतीला भिंत लागलेला शेजार आहे, हे ध्यानात घेतले की हे घर किती थोडक्यात बचावले ते कळते.

२०. मुंबईच्या हॉर्निमन सर्कलशी याचे साम्य खरे आहे की केवळ भास?

साम्य खरे आहे, कारण कल्पना एकच आहे. बॉम्बे ग्रीन या मोकळ्या मैदानाच्या जागी १८६० च्या दशकात एल्फिन्स्टन सर्कल आखले गेले तेव्हा मालक वेगवेगळे असले तरी कमानीतल्या दर्शनी बाजू एकसारख्या असाव्यात, असे ठरवून जागा विकल्या गेल्या. ही बाथमधलीच व्यवहाराची रीत. स्वातंत्र्यानंतर त्याला पत्रकार बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव दिले.

फरकही पाहावेत. मुंबईची रचना जॉर्जियन काळानंतरची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे. तिथे राहण्याची घरे नसून पेढ्या आणि कचेऱ्या आल्या. तळमजल्यावर कमानींचा सलग व्हरांडा आहे, जो बाथला नको होता पण मुंबईच्या ऊन-पावसात आवश्यक होता. क्रेसेंट उघड्या हिरवळीकडे पाहते तर हॉर्निमन सर्कल आतल्या गोल बागेकडे, म्हणून त्याचे नाते क्रेसेंटपेक्षा बाथच्या सर्कसशी अधिक जवळचे आहे. समोर १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत आहे; तिचे डोरिक खांब मात्र जॉर्जियन अभिरुचीचेच आहेत.

२१. अशा जुन्या दगडी घराच्या दर्जा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्या तर काय बिघडते?

बाथचा चुनखडक पाणी शोषतो आणि सोडतो. चुन्याची दर्ज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतली ओल दर्जेतून बाहेर पडते. झीज झाली तर दर्जेची होते आणि दर काही दशकांनी ती पुन्हा भरता येते. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि पाणी अडवणारे असते. मग ओल दगडातूनच बाहेर पडू लागते, क्षार पृष्ठभागाशी साचतात, थंडीत पाणी गोठते आणि दगडाचा चेहरा भुगा होऊन गळतो. शेवटी सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि मधले दगड आत खचलेले दिसतात. आपल्याकडच्या चुन्यात बांधलेल्या वाड्यांबाबत हेच घडते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने ‘पक्के काम’ म्हणून चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, चार पावसाळ्यांत आतली लाकडी तुळई कुजली आणि गिलावा काढताना विटांचे तोंडही त्याबरोबर निघाले. आपल्याकडचा काळा बेसाल्ट दगड बाथच्या दगडाइतका मऊ नाही, पण भिंतीतल्या विटा, चुना आणि लाकूड मऊच असतात.

२२. एकाच भेटीत काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे?

सकाळी सर्कसच्या मधोमधच्या झाडांखालून सुरुवात करून ब्रॉक स्ट्रीटने यावे (प्रश्न ३ पाहा). आधी हिरवळीच्या खालच्या कडेला जाऊन संपूर्ण चंद्रकोर एका नजरेत घ्यावी, मग वर येऊन दगड हाताच्या अंतरावरून पाहावा. दारांशी असलेल्या लोखंडी कठड्यांवर जिथे मशाल विझवण्याचे उलटे शंकू राहिले आहेत, ते शोधावेत. घरात गेल्यावर वरून खाली न जाता शक्य झाल्यास आधी स्वयंपाकघर पाहावे आणि मग दिवाणखाना. बाहेर पडल्यावर घरांच्या मागच्या बाजूला वळावे आणि तिथल्या एका घराचे छप्पर, धुराडी व खिडक्या यांचे जमेल तसे रेखाचित्र काढावे. साध्या पेन्सिलीने काढले तरी चालेल.